जत्रेसाठी मी ठरवलेला पहिला तमाशा

मुळशी धरणाच्या काठावरच्या आमच्या गावात जत्रेसाठी तमाशा ठरवण्याचं काम मी अंगावर घेतलं तेव्हा मी वीस-बावीस वर्षांचा होतो आणि अक्कल त्याहून बरीच लहान होती. आधी हे काम करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना गुडघ्यांनी आडवं केलं. पंचांनी विचारलं, पुण्याला कोण जातं? लावणीचा नाद मला आधीपासून होता. मी उठून उभा राहिलो.

पुण्यात फड उतरत तिथं गेलो. एका फडाची मालकीण पन्नाशीची होती, उमेदीत स्वतः नाचलेली. तिनं मला बसवून चहा पाजला. फडाला सुपारी द्यायची म्हणजे खरीखुरी सुपारी आणि नारळ हातावर ठेवायचा. ती एकदा घेतली की फड दुसऱ्या गावाला जात नाही आणि गावानंही शब्द फिरवायचा नाही. म्हणून हात पुढे करण्याआधी बाईंनी एकेक गोष्ट विचारून घेतली. उतरायला जागा? शाळा रिकामी करून देतो. शिधा? गावाचा. सामानाला? पौडहून दोन बैलगाड्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आन् पान्याचं कसं, दादा?"

मला हसूच आलं. "अवो बाई, धरनाच्या काठाला गाव हाय आमचं. पान्याला काय तोटा!"

त्या माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी सुपारी घेतली. त्यांनी काय विचारलं होतं ते मला कळलंच नव्हतं. मला तहान लागली की घरात तांब्या पुढ्यात यायचा. कुणाला विहिरीवर येऊ देतात आणि कुणाला नाही, हे मी रोज बघत होतो, पण मनात कधी आलं नव्हतं.

चैत्रातल्या उन्हात, सकाळी दहा-अकराला फड आला. पंधरा-सोळा माणसं, त्यांत मुख्य गाणारी बाई तान्हं मूल घेऊन. दोघीजणी हंडे घेऊन विहिरीकडं गेल्या आणि लगेच रिकामे हंडे घेऊन परत आल्या. दोर सोडायच्या आतच लोक ओरडत अंगावर धावले होते. मालकीणबाईंनी ते हंडे घेऊन शाळेच्या भिंतीशी पालथे घातले.

मी देवळाकडं पळालो. मांडवात पंच बसले होते. त्यांत माझे वडीलही होते.

"आबा, पाव्हनी मानसं हायती. आपुनच बोलावलीत."

"सुपारी तू दिली," आबा म्हणाले. "हीर गावाची हाय."

"मग मी काढून देतो. घरची घागर नेतो."

"ने. मग घागर बी घरात यायची न्हाई आन् तू बी न्हाई."

शाळेचे गुरुजी बाजूला उभे होते. विहीर सगळ्यांना खुली, असा आता कायदा झालाय, असं ते हळूच म्हणाले. कुणीतरी म्हणालं, "त्यो पुन्यात ठिवा, गुरुजी." गुरुजी खाली बघू लागले. मीही त्यांच्यासारखंच खाली बघितलं. आजही स्वतःचा राग येतो तो त्या क्षणासाठी.

मग मी रॉकेलचे दोन रिकामे डबे कावडीला बांधून धरणाकडं निघालो. चैत्रात पाणी लांब आत सरतं. उतरणीला भेगाळलेला चिखल, पुढं म्हशी डुंबलेल्या आणि त्यापलीकडं नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. तीन खेपा केल्या. खांदा सोलून निघाला आणि डब्यात आलं ते गढूळच. पदरातून गाळून गाणारीनं घोट घेतला, बोट बुडवून मुलाच्या ओठांना लावलं आणि माझं तोंड बघून म्हणाली, "ग्वाड हाय, दादा." मला तिथं उभं राहवेना.

रात्री खेळ रंगला. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुस्त्यांच्या आधी, हजेऱ्या झाल्या. म्हणजे फडानं उजेडी गावापुढं पुन्हा गाऊन दाखवायचं. आबा पुढच्या रांगेत. त्यांनी नोट वर धरली. गाणारी गात गात आली आणि तिनं ती त्यांच्या हातातून घेतली. बोटांना बोटं लागली. आबा खुशीत हसले. घरी जाऊन कुणी अंघोळ केली नाही. नोट देणाऱ्याचं नाव पुकारणं माझं काम होतं. वाटलं, सगळ्या गावासमोर विचारावं. आवाज फुटला तो आबांचं नाव पुकारायलाच.

पुढच्या वर्षी सुपारी घेऊन त्याच बाईंकडं गेलो. त्या नाही म्हणतील असं धरूनच गेलो होतो. त्यांनी जागा विचारली, शिधा विचारला, पाण्याचं काही विचारलं नाही. जत्रेला गाड्या आल्या तेव्हा एका गाडीत ओल्या पोत्यांत गुंडाळलेले चार रांजण होते. पौडजवळच्या त्यांच्या पाहुण्यांकडं भरून घेतलेले.

"तुमी घोर करू नगा," बाई म्हणाल्या. "पानी आनलंया."

आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, लाज नंतर वाटली, आधी हायसंच वाटलं.

पुढं आसपासच्या सात-आठ गावांचे तमाशे मी ठरवू लागलो. नवा फड असला की सुपारी हातावर ठेवण्याआधी आता मीच सांगायचो, पाणी बरोबर घेऊन या. का म्हणून एकानंही कधी विचारलं नाही.