काचेमागचं बदक

असोद्याच्या अंगणवाडीत माझी उभी हयात गेली. आज जी पोरं मला ताई म्हणतात, त्यांच्या आयाही माझ्याच हाताखालून गेल्यात. तरी एका पोरीपाशी मी चुकले ती चुकलेच. सांगायचीही लाज वाटते.

त्या वर्षी खेळण्यांचा नवा संच आला. रंगीत ठोकळे, ओवायचे मणी, आणि दोरी ओढली की मान हलवत चालणारं लाकडी बदक. मी काय केलं? सगळं काचेच्या कपाटात मांडलं, प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. सुपरवायझर मॅडम येतील तेव्हा संच कोरा दिसायला हवा ना! कपाटाच्या वर भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'खेळता खेळता शिकू या.' शहाणी ना मी!

त्याच सुमारास केळीचे घड वाहायला सातपुड्याच्या पायथ्याकडून एक कुटुंब आलं. त्यांची साडेतीन वर्षांची लेक माझ्याकडे येऊ लागली. घरची बोली निराळी. आमचं तिला कळेना, तिचं आम्हाला. गाणी झाली, चित्रं झाली, खाऊ झाला, पोरगी ढिम्म. तोंडातून चकार शब्द नाही. पुढे शाळेत हिचं कसं व्हायचं, याचा मला घोर लागला होता. ती मात्र काचेला नाक लावून बदकाकडे बघत बसायची. बोट दाखवायची. मी म्हणायची, "उद्या हं, उद्या." रोज.

एक दिवस ती बोलली! बोट काचेवर, आणि अगदी स्वच्छ: "उद्या." मला इतका आनंद झाला की मी तिला उचलूनच घेतलं. "हो वं माय माझी, उद्या!" म्हटलं आणि कामाला लागले. मग ती अंगणात मातीचा गोळा वळायची, त्याला काडीची चोच टोचायची आणि मला दाखवून म्हणायची, "उद्या." मला वाटे, आज केलं तसंच उद्याही करणार म्हणतेय. मी हसायची.

केळीची कटाई संपली. भरदुपारी बाप तिला न्यायला आला. "ताई, गावले चाललो." बाहेर पिकअप उभी. पोरगी कपाटाची कडी धरून बसली. "उद्या! उद्या!" रडून रडून लाल झाली. बापाने एकेक बोट सोडवून तिला खांद्यावर टाकलं. मी दारातून हात हलवत ओरडले, "हो गं, उद्या ये!" खरंच, असं म्हणाले मी.

गाडी वळली तशी आमची मदतनीस डोळे पुसत म्हणाली, "ताई, ती त्या बदकालेच उद्या म्हने ना. तुमीच त सांगलं तिले ते नाव."

मी पदर चाचपला. किल्ली पदरालाच होती.

मॅडम त्या वर्षी फिरकल्याच नाहीत. मी दुसऱ्या दिवशीच सगळं प्लॅस्टिक फाडून टाकलं. आता बदकाचं एक चाक निखळलंय, चोचीचा रंग उडालाय. पोरं ते ओढतात, आपटतात, त्यावरून भांडतात, आणि भांडता भांडता चुरूचुरू बोलायला लागतात. नवं पोर आलं की मी बदक हातात धरून विचारते, "हे काय?" बाकीची ओरडतात, "बदक!" मी हो म्हणते. तिकडे सातपुड्याखाली एक पोरगी अजून 'उद्या' मागत असेल, आणि तिच्या आईलासुद्धा कळत नसेल तिला काय हवंय.