हातावर दिलेली पोळी

गुरुद्वारात यायचं ह्यांनी कबूल केलं, तेव्हाच मुलीला ऐकू जाईल असं मला म्हणाले, "मी बघायला येतोय. हो म्हणायला नाही."

आमची मुलगी जर्मनीत एर्लांगेनला दवाखान्यातली यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. आम्ही दोघं पुण्याहून तिच्याकडे राहायला आलो आणि तिनं सांगितलं, मला एका शीख मुलाशी लग्न करायचंय. मुलगा इथंच जन्मलेला, शहरातली बस चालवतो. तेव्हापासून हे तिच्याशी बोलेनासे झाले. जेवताना मीठ हवं असलं तरी मला सांगायचे आणि मी तिला सांगायची. एवढ्याशा घरात असं राहणं फार अवघड. शेवटी ती म्हणाली, "एकदा त्यांची माणसं बघा. मग नाही म्हणालात तर मी ऐकेन."

त्या 'ऐकेन'नंच मला धडकी भरली. ती बोलते तसं करते. बापावर गेली आहे.

रविवारी रिजनल ट्रेननं गेलो. गुरुद्वारा बाहेरून गोडाऊनसारखा, शेजारी टायरचं दुकान. चपला काढल्या, डोकी झाकली. ह्यांना दारातल्या टोपलीतला केशरी रुमाल बांधायला दिला. वर ग्रंथासमोर हे नीट वाकले. मुलीनं माझा हात दाबला. मलाही वाटलं, निभावेल.

मग खाली लंगरात जेवायला बसलो. जमिनीवर लांब पट्ट्या, समोर खणांची स्टीलची ताटं. मी, हे आणि मुलगी एका ओळीत. तो मुलगा समोरच्या ओळीच्या टोकाला. त्याची आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्याकडे बघत होती. आज आम्ही येणार म्हणून ती सकाळपासून पोळ्या लाटत होती.

पोळ्या वाढायला मुलाचे आजोबा होते. निळी पगडी, पांढरी दाढी, हातात टोपली. "परशादा जी, परशादा," म्हणत येत होते. पोळीला तिथं परशादा म्हणतात आणि ती ताटात ठेवत नाहीत. बसलेल्या माणसानं दोन्ही हात पुढं करायचे, त्या ओंजळीत पोळी देतात. हे माझ्या लक्षात आलं आणि मी ह्यांच्याकडं बघितलं.

बाहत्तरच्या दुष्काळात हे लहान होते. आई खडी फोडायच्या कामावर, आणि हे दुपारी सरकारी सुकडी वाटायच्या रांगेत. भांडं नसायचं, ओंजळीतच घालायचे. वाढणारा म्हणायचा, "हात वर कर. अजून वर." आणि हसायचा. लग्नानंतर एकदाच मला हे सांगितलं. त्यानंतर मी ह्यांच्या हातात कधी खायला दिलं नाही. चहाबरोबरचं बिस्कीटसुद्धा बशीत. मुलीला ह्यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, बाबांना टापटीप लागते.

आजोबा ह्यांच्यासमोर वाकले. "परशादा जी."

ह्यांचे हात मांडीवरच.

"ताटात ठेवायला सांग," हे मुलीला म्हणाले. इतक्या दिवसांनी तिच्याशी बोलले ते एवढंच.

"बाबा, इथं असंच घेतात. सगळेच घेतात."

"मी घेत नाही."

आजोबांना मराठी कळत नव्हती, पण हात दिसत होते. ते तसेच वाकून राहिले. त्यांच्यामागं डाळीची बादली थांबली, तिच्यामागं खीर. शेजारची एक छोटी मुलगी जर्मनमध्ये आईला काहीतरी विचारायला लागली, आईनं तिला गप्प केलं. खिडकीतल्या बाईनं लाटणं खाली ठेवलं. तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं. माझ्या हातची ह्यांना चालत नाही, हेच.

"अहो," मी हळूच म्हटलं.

"तुला माहीत आहे ना?"

माहीत होतं. म्हणून तर 'घ्या' म्हणायला जीभ वळेना. आणि घेतलं नाही तर हे उठणार, दाराकडं चालू लागणार, आणि मुलगी म्हणाल्याप्रमाणं ऐकणार.

मला चार माणसांत बोलता येत नाही. हिंदीही धड नाही. तरी उठले. पदर घसरला, तो डोक्यावर ओढला आणि आजोबांच्या टोपलीला हात लावला. "बाबाजी, ये देंगे." नवऱ्याकडं मी सरळ बोट केलं होतं. मग ह्यांना म्हटलं, "तुम्ही घेऊ नका. तुम्ही वाढा."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, संपलं सगळं. पण आजोबांनी टोपली लगेच सोडली. "हां जी, सेवा करो! मेरी कमर बच गई!" म्हणत त्यांनी ह्यांच्या शेजारी जागा करून बसूनही घेतलं. आसपासचे हसले.

हे उठले. सगळे बघत असताना बसून राहणं त्यांना जमलं नसतं. पहिल्या दोघातिघांच्या हातात पोळ्या घाईनंच टाकल्या. सुटातला एक माणूस, हात वर. एक म्हातारी, हात वर. एक जर्मन पोरगा, त्याचेही हात वर. मग हे सावकाश झाले. प्रत्येकासमोर आधीपेक्षा जास्त वाकायला लागले, शेवटी तर गुडघ्यावर बसून वाढत होते. कुणाला हात उंच करावे लागू नयेत म्हणून.

मुलापाशी पोचले. त्यानं दोन्ही हात पुढं केले. ह्यांनी दोन पोळ्या ठेवल्या.

"बस, अंकल."

"दो में क्या होता है? दिनभर बस चलाता है ना?" म्हणून आणखी दोन ठेवल्या. आमच्याकडं तीन वाढत नाहीत.

हे परत येऊन बसले, तेव्हा त्याची आई तव्यावरची गरम पोळी घेऊन आली. ह्यांच्या मांडीवरच्या हातांकडं तिनं पाहिलं, आणि काही न विचारता पोळी ताटाच्या कडेला ठेवली. ह्यांनी ती सगळी खाल्ली.

स्टेशनवर मुलगी म्हणाली, "बाबा?"

"त्यांना सगळ्यांना जेवायला बोलाव. तुझ्याकडं ताटं किती आहेत?"

"चारच."

"मग आणायला हवीत."

"आज रविवार, बाबा. दुकानं बंद."

"मग उद्या आणू," हे म्हणाले. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, तेव्हा हे गाडी येतेय का ते बघायला पुढं गेले.