गिरणीचा फास्टर

चेंडू टाकायला निघण्याआधी तो डोळे मिटायचा. पंचवीस पावलं लांब जाऊन वळायचा, चेंडू पोटाशी धरायचा आणि उभ्याउभ्या निजल्यासारखा थांबायचा. बॅटवाला तिकडं ताटकळायचा, चिंचेखाली बसलेली माणसं गप्प व्हायची. मग डोळे उघडायचे आणि तो निघायचा. पहिली चार पावलं अगदी हळू, देवळातून बाहेर पडल्यासारखी. हैदराबादहून आलेल्या एका बॅटवाल्यानं एकदा अंपायरला हसत विचारलं, "मियाँ, ये खड़े खड़े सो गया क्या?" पुढच्याच चेंडूला त्याचा मधला दांडा उडून कीपरच्या पायाशी पडला. परत जाताना तोच म्हणाला, "सोने दो मियाँ, जगाओ मत इसको."

आम्ही सगळे त्याला फास्टर म्हणायचो. आईबापानं ठेवलेलं नाव गिरणीच्या हजेरीपटापुरतं. पोलीस अॅक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती, औरंगाबाद तेव्हा हैदराबादकडंच होतं. आमच्या गिरणीच्या साहेबांना क्रिकेटचं भारी वेड. ते एकदा पैठणला गेले, तिथं नदीच्या वाळवंटात हे पोरगं चेंडू फेकताना दिसलं, आणि साहेबांनी त्याला मोटारीत घालूनच आणलं. नाव कताई खात्यात, पण काम एकच, चेंडू टाकायचा. आमच्या बाजूला या कामाचा पगार घेणारा तोच पहिला. वय असेल एकोणीस. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून मला दादा म्हणायचा.

हजेरी माझीही कताई खात्यातच, पण खरं काम मॅटचं. तेव्हा आमच्याकडं गवताची खेळपट्टी नव्हती. मुरमाची जमीन पाणी मारून, रूळ फिरवून घट्ट करायची, तिच्यावर काथ्याची लांब चटई अंथरायची, ओढून ताणायची आणि कडेनं लोखंडी खिळे ठोकायचे. चटई ढिली तर चेंडू मरतो, ताणली तर उसळतो. फास्टर आल्यापासून मी ती ढोलकीसारखी ताणायचो. एकटाच. कुणाला हात लावू द्यायचो नाही. माझी शाळा दोन इयत्तांची, तीही उर्दू. या लिहिण्यात चुका निघतील. पण मॅटमध्ये चूक काढणारा जन्माला यायचाय, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायचो.

थंडीत सकाळचा भोंगा व्हायच्या आधी मी मैदानावर असायचो. धुकं इतकं, की गिरणीची चिमणी वरून टांगल्यासारखी दिसायची. खाली काहीच नाही, वर नुसती चिमणी. तेवढ्यात धुक्यातून फास्टर यायचा, अनवाणी, खांद्यावर घोंगडी. मी ठोकलेल्या चटईवर उताणा पडायचा आणि धुकं विरलं की घारी बघत राहायचा. मी ओरडायचो, "ऊठ लेका, खिळा घुसंल!" तो हलायचा नाही. एकदा म्हणाला, "दादा, हातातून सुटल्यावर चेंडू कुणाचा असतो?"

"गिरणीचा. साहेबांच्या पेटीतला."

तो इतका हसला, की घोंगडी तोंडात कोंबावी लागली. मग हळूच म्हणाला, "मला तो आधी जाताना दिसतो. डोळे मिटले की दिसतो. मंग मी नुसता त्याच्या मागं पळतो." मला यातलं काही कळलं नाही. पण त्या दिवसापासून तो डोळे मिटून उभा राहिला, की मीही श्वास धरायला लागलो.

त्याचे वडील पैठणला मागावर बसायचे. पैठणी विणणारा माणूस. पोरगं गिरणीत काय करतं ते बघायला एकदा बसनं आले. डोक्याला पांढरा पटका, बोटं बाईसारखी नाजूक. मी खिळे ठोकत होतो तिथं येऊन उभे राहिले.

"माझं पोरगं काय काम करतं हो हितं?"

"चेंडू टाकतो, तात्या."

"व्हय? मंग?"

"मंग काय? चेंडू परत आला की पुन्हा टाकतो."

"आन् लोक?"

"लोक बघतात."

तात्यांनी मैदानभर नजर फिरवली. "रिकामी दिसतात लई," म्हणाले. मग खाली बसून त्यांनी चटईच्या कडेवरून बोट फिरवलं, डोळ्यानं नाही, बोटानंच बघितल्यासारखं. "मधी ताण बरोबर हाय. पर ही डावी कड सैल. तुम्ही एका अंगानं ओढता ना, म्हणून. दुसरा माणूस घ्या. ताणाला दोन बाजूंनी दोन माणसं लागतात."

माझं डोकं फिरलं. "तात्या, हे लुगडं नाय," मी म्हणालो. "गडीमाणसांचा खेळ हाय." त्यांनी पटका सारखा केला आणि पोराकडं गेले. त्यानंतर कोणी हात द्यायला आलं, तर मी मुद्दाम हाकलायला लागलो.

त्याच थंडीत साहेबांनी बातमी आणली. फास्टरला बघायला हैदराबादहून एक गृहस्थ येणार होते, मोठ्या संघासाठी माणसं निवडणारे. हा सामना नीट पार पडला की पोरगं हैदराबादला, तिथून कुठं कुठं. फास्टर त्या आठवड्यात जेवला की नाही देव जाणे. मला म्हणाला, "दादा, चटई अशी ताणा, की टाचणी पडली तरी उडावी." मी ताणली. एकट्यानं.

त्या सकाळी त्यानं दोन गडी बाद केले. ते गृहस्थ खुर्चीत पुढं सरकून बसले होते, साहेब त्यांच्या मागं उभे. तिसऱ्या ओव्हरला तो वळला, डोळे मिटले, निघाला. उन्हात त्याची सावली त्याच्या पुढं पळत होती. उडी मारून डावा पाय खाली आला तो चटईच्या डाव्या कडेवर. कड सैल होती. तिला घडी पडली होती. पाय घडीत अडकला आणि वरचं अंग पुढं गेलं. गुडघ्याचा आवाज मी मैदानाबाहेर ऐकला.

सगळे धावले. मीही धावलो. पण सांगायचं ते हेच, की मी त्याच्याकडं धावलो नाही. मी चटईकडं धावलो. कुणाचं लक्ष जायच्या आत घडी मोडली आणि खिळा ठोकून टाकला. साहेब म्हणाले, "पाय घसरला बिचाऱ्याचा." मी मान हलवली.

गुडघा जुळला, पण पळणं गेलं. पळता न येणाऱ्या फास्टरला गिरणी किती दिवस सांभाळणार? उन्हाळ्याच्या तोंडाला तो पैठणला परत गेला. निघताना मी खात्यातून बाहेर आलोच नाही. काम आहे म्हणून निरोप पाठवला.

दिवाळीनंतर न राहवून मी पैठणला गेलो. तो मागावर बसला होता, एक पाय खाली खड्ड्यात, दुसरा बाहेर सरळ लांब केलेला. हातात जरीचा मोर अर्धा झाला होता. मला बघून इतका खूष झाला, की मला तिथूनच मागं फिरावंसं वाटलं. तात्यांनी स्वतः चहा आणून दिला. चहा संपला. शेवटी म्हणालो, "घसरला नव्हतास तू. कड सैल होती. मी घडी मोडली नंतर."

तो मोराकडंच बघत म्हणाला, "ठाऊक हाय, दादा. आदल्या चेंडूलाच पायाखाली आली होती."

"मग थांबला का नाहीस? मला हाक मारायची!"

"साहेब उभे होते. त्या पाव्हण्यांसमोर बोलले असते तुम्हाला." मग म्हणाला, "वाटलं, एवढी एक ओव्हर निघंल."

मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. त्या दिवशी मागायला गेलो होतो, तर त्यानं बसायला पाट दिला आणि मोराचा पिसारा कसा भरतात ते दाखवत बसला. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसलो. नदी बराच वेळ सोबत आल्यासारखी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्याबरोबर साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. चटई, घडी, खिळा, तात्यांचं बोलणं, माझं बोलणं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅटचं काम त्या क्षणी गेलं, ते मला त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळलं.

"आता वर्ष होत आलं," ते म्हणाले. "आता सांगून काय उपयोग?"

"उपयोगासाठी नाही सांगितलं, साहेब," मी म्हणालो, आणि हातोडी त्यांच्या टेबलावर ठेवून खात्याकडं निघालो.