एका हाताची ठिणगी

कोणतीही वस्तू हातात दिली की काकाजी ती आधी उलटसुलट फिरवून पाहत. चहाचा कप असो नाहीतर औषधाची बाटली. मग देणाऱ्याकडे पाहून विचारत, "कशावरून?" दूधवाल्याने आजचं दूध ताजं आहे म्हटलं, कशावरून? मी शाळेत शिकवून घरी येताना आज उकाडा फार आहे म्हटलं, तरी तेच. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, आणि त्याला टाळण्यासाठी तुम्हीही कधी लांबच्या रस्त्याने गेला असाल.

भद्रावतीला आमच्या शेजारच्या घरात ते एकटेच राहायचे. सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली होती. तिथे खिशात काडीपेटी सापडली तरी माणसाची नोकरी जाऊ शकते. अशा ठिकाणी आयुष्य काढल्यावर ठिणगीकडे कोणी साध्या डोळ्याने पाहील कसं? निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी ठिणगीच जवळ केली. अंगणात पत्र्याचा तुकडा अंथरायचे, शेजारी पाण्याची बादली भरून ठेवायचे आणि पत्र्यावर चकमक झाडत बसायचे.

गल्लीला याचा संशय येणारच. कारखान्यातला माणूस, एकटा, अंगणाचं दार लावून ठिणग्या पाडतो. कोणीतरी ठाण्यात कळवलं. शिपाई आला, तर काकाजींनी आधी त्यालाच ओळखपत्र दाखवायला लावलं, ते उलटंही करून पाहिलं, आणि मग सगळं सामान त्याच्यापुढे मांडलं. तो गेल्यावर मी म्हटलं, लोकांनी असं करायला नको होतं. ते शांतपणे म्हणाले, "काऊन? बरोबर केलं त्यायनं. म्या असतो त म्याबी कळवलं असतं."

या माणसाकडे मी गेले ते कामासाठी. आम्ही काही शिक्षिका थंडीच्या सुट्ट्यांत परवानगी काढून जंगलात पक्षी पाहायला जातो. कधी ताडोब्याच्या कडेने, कधी पार मुलचेऱ्याकडे. प्रत्येकीच्या पिशवीत अडचणीला उपयोगी पडेल असं थोडं सामान असावं, असं आमचं ठरलं होतं. शिट्टी, पट्टी, दोरी घेऊन झाली होती. विस्तव पेटवायचं साधन कोणतं घ्यावं ते कळत नव्हतं. काडीपेटी दमट होते, लायटरमधला गॅस उडून जातो. म्हणून ठिणगी पाडणारी तीन-चार साधनं मागवून मी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी आधी माझीच उलटतपासणी घेतली. जंगलात विस्तव कशाला पाहिजे, कोण कोण जाणार, उन्हाळ्यात जाणार का. उन्हाळ्यात जात नाही म्हटल्यावर त्यांनी साधनांना हात लावला. कुठल्यातरी कोपऱ्यात पडलेल्या एका ठिणगीने डोंगर जळतो, हे त्यांनी मला इतक्या कडक आवाजात सांगितलं, जणू मी तो जाळूनच आले होते.

पुढे कित्येक दिवस ते ती साधनं तपासत होते. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला. त्याची ठिणगी निळी, दिसायला छान, पण कापूस काही पेटत नाही. मॅग्नेशियमच्या ठोकळ्याचा कीस काढायला वेळ लागे, आणि वारा आला की कीस उडून जाई. राहिली दोन. एक बोटाएवढी काळी कांडी. ती पोलादी पट्टीने जोरात खरवडली की ठिणग्यांचा सडा पडे, मग ती पाण्यातून काढलेली असली तरी. दुसरी पेनाच्या टोपणाएवढी प्लास्टिकची नळी. तिच्या टोकाला बारीक चकरी, अंगठ्याने फिरवायची. तिची ठिणगी लहान, पण व्हॅसलिन लावलेला कापूस त्यावर पेटत असे.

काकाजींनी कांडी पसंत केली. चकरीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "इवलीशी चकरी. गंजली का खेळ खतम," ते म्हणाले आणि नळी फेकून द्यायला सांगितली. आम्ही सगळ्यांसाठी कांड्या आणि व्हॅसलिन लावलेल्या कापसाची एकेक डबी घेतली. नळी मात्र आमच्यातल्या सुरेखाला आवडली. ती राजुऱ्याची, आमच्याच शाळेत गणित शिकवते. खेळणं म्हणून तिने ती पिशवीच्या कप्प्यात टाकून दिली.

त्याच हिवाळ्यात मुलचेऱ्याच्या पुढे आम्ही गेलो असताना दुपारी अवेळी पाऊस आला. परत फिरताना घाईत सुरेखा मागे राहिली. नाल्याच्या काठावरून तिचा पाय घसरला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. आम्ही पुढे येऊन माणसं मोजली तेव्हा ती नव्हती. हाका मारल्या, पण नाला भरून वाहत होता, त्या आवाजात ना तिची शिट्टी आम्हाला ऐकू आली ना आमची हाक तिला. सकाळीच सोबतच्या, गावातल्या वाटाड्याने आम्हाला त्या नाल्याच्या वाळूत वाघाचे ठसे दाखवले होते. आम्ही उलट्याच दिशेने शोधत होतो.

तिकडे सुरेखाने आधी कांडी काढली. डाव्या हाताने खरवडायचं तर कांडी धरणार कोण? बुटाखाली दाबून पाहिली, ती ओल्या दगडावरून निसटून पाण्यात गेली. मग तिला नळी आठवली. एका झुकलेल्या झाडाच्या ढोलीत डबीतला कापूस ठेवून तिने डाव्या अंगठ्याने चकरी फिरवली. कापूस पेटला. ढोलीतला कोरडा भुसा आणि वर ओली पानं टाकल्यावर धूर झाला. दिवस मावळायच्या आत वाटाड्याला तो दिसला, आणि आम्ही तिच्यापर्यंत पोचलो. आम्हाला पाहून ती हसली.

हे सगळं मी काकाजींना येऊन सांगितलं. सुटका झाली, याचा आनंद त्यांनी दाखवलाच नाही. "विझवलं का?" हा पहिला प्रश्न. विझवलं म्हटल्यावर, राख हात लावून पाहिली का? पाहिली होती. मग ते म्हणाले की चकरीने पेटलं हे त्यांना पटत नाही, तिच्याकडे काडीपेटी असणार. मला राग आला. मी म्हटलं, तिलाच विचारा.

आणि ते खरंच गेले. एसटीने चंद्रपूर, तिथून राजुरा; हात बरा होईपर्यंत सुरेखा तिथे आईकडे राहत होती. पुढचं मला सुरेखानेच सांगितलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, तिच्या आईने दिलेला चहा बाजूला ठेवला आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मध्ये मध्ये अडवून तेच पुन्हा विचारलं. मग तिच्या प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं.

"म्या दोन हात धरूनच पाह्यलं, बाई," ते म्हणाले. "माणसाचा एक हात मोडू शकते, हे माह्या ध्यानातच नाई आलं. माहं चुकलं."

थंड झालेला चहा त्यांनी कप फिरवून न पाहताच पिऊन टाकला, असं सुरेखा हसून सांगते.

त्यानंतर अंगणात गल्लीने नवंच दृश्य पाहिलं. काकाजींनी उजवा हात गमछ्याने कमरेला बांधला होता, आणि ते डाव्या हाताने एकेक साधन पुन्हा तपासत होते. पुढे डोळ्यांवर पट्टी बांधून. पुढे हात बर्फाच्या पाण्यात बुडवून. आमच्या प्रत्येक पिशवीत कांडीबरोबर चकरीही आली. दर पावसाळ्यानंतर ते सगळ्या पिशव्या मागवून घ्यायचे आणि गंज पाहायचे. चांगली निघाली म्हणून एकही चकरी त्यांनी कधी वाखाणली नाही.

मागच्या वर्षी ते नागपूरला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्या बसस्टँडवर. मुलगी त्यांना न्यायला आली होती. दोघं मागच्या बाकावर बसले. मी खिडकीशी उभी राहून तब्येतीला जपा वगैरे म्हणत होते, पण त्यांचं लक्ष ड्रायव्हरकडे होतं. तो जांभई देत होता. काकाजी उठले, गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि त्याला काहीतरी विचारलं. ड्रायव्हर हसला. मुलगी मागून हाका मारत होती, पण ते परत आले नाहीत. दांडा धरून तिथेच उभे राहिले. बस सुटली तेव्हा ते ड्रायव्हरच्या खांद्याशी वाकून समोरच्या काचेतून रस्ता पाहत होते.