टेकडी बंद असताना

ओटमार साइलर अडुसष्ट वर्षांचा झाला तरी गावातली पोरंटोरं त्याला घाबरत आणि मोठी माणसं त्याला टाळत. या दोन्ही गोष्टींचा त्याला मनापासून आनंद होता. तो आमच्या टेकडीचा राखणदार.

नेकार नदीच्या काठावरून दगडी बांधांची जी टेकडी सरळ वर चढते, तिच्यावर गावातल्या प्रत्येक घराच्या द्राक्षवेली आहेत. कोणाच्या दोनशे, कोणाच्या वीस. सप्टेंबरच्या मध्यावर प्रत्येक वाटेच्या तोंडाशी काठीला पेंढ्याची जुडी बांधली की टेकडी बंद. मग काढणीचा दिवस जाहीर होईपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचं नाही. मालकानेसुद्धा नाही. फक्त शनिवारी दुपारी, तेही राखणदाराच्या डोळ्यांदेखत. आता मालकाला स्वतःच्याच बागेत मज्जाव कशाला, असं परगावचे विचारतात. त्यांना आमची माणसं ठाऊक नाहीत. स्वतःच्या घडाकडे जाताना शेजाऱ्याच्या घडापाशी दम खायला थांबायची आमची जुनी रीत आहे.

जो सापडेल त्याचं नाव, गावचा कारभार चालतो त्या नगरघराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचं. काढणी संपल्यावर जे गावजेवण होतं त्यात त्याने गळ्यात पेंढ्याची माळ घालून सगळ्यांचे पेले भरायचे आणि सगळ्यांचे टोमणे गिळायचे. एकोणीस वर्षांत ओटमारने भल्याभल्यांची नावं लिहिली. पाद्रीबाबा सापडले तेव्हा म्हणाले, "रविवारच्या प्रवचनासाठी दाखला शोधत होतो." ओटमार म्हणाला, "सापडला ना? तोच सांगा." सख्ख्या सासूचं नाव लिहिताना त्याने अक्षर जरा जास्तच वळणदार काढलं होतं. आणि फ्रीडर तर पाच वेळा सापडला. फ्रीडर म्हणजे त्याचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, शाळेपासूनचा मित्र आणि हाडवैरी, तिन्ही एकाच टोपीखाली.

ओटमारच्या स्वतःच्या सहा ओळी अगदी वरच्या बांधावर. तिथे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं, वर नदीचं धुकं दहा वाजेपर्यंत ठाण मांडून बसतं. तिथे त्याच्या बापाने हट्टाने बरगंडी जातीची काळी द्राक्षं लावली. खाली सगळ्यांची द्राक्षं गोड होऊन पिंपात जातात तेव्हा ही कुठे रंग धरायला लागतात. ओटमार त्यांची एकच पिंप वाईन करायचा, सव्वादोनशे लिटर. चांगली झाली तर तिला म्हणे ओल्या मातीचा आणि रानातल्या चेरीचा वास येतो. म्हणे, कारण तशी ती कधी झाली नव्हती. त्याची बायको रोझीना घोट घेऊन डोळे मिटायची आणि म्हणायची, "ओटमार, या व्हिनेगरने खिडक्या छान स्वच्छ निघतील."

यंदा मात्र उन्हाळा लांबला. वरच्या बांधावरचे मणी सप्टेंबरातच शाईसारखे काळे झाले. ओटमार वाटेवर उभा राहून त्यांच्याकडे नवी नवरी बघावी तसा बघायचा, आणि घरी येऊन पिंप धुवायचा. धुतलेलं पिंप पुन्हा धुवायचा. आयुष्यात एकदा तरी बापाच्या हट्टाला साजेशी वाईन व्हावी, एवढीच त्याची इच्छा होती. बोलला नाही कोणाशी, पण होती.

आणि ऐन वेळी पाऊस आला. शुक्रवारी लागला तो सोमवारपर्यंत. शनिवारी छत्री घेऊनही कोणी टेकडीवर फिरकलं नाही. मंगळवारी ओटमार वाटेवरून वर गेला आणि त्याचा जीव खाली-वर झाला. घडाघडांत एकेक दोनदोन मणी करड्या बुरशीने मऊ पडले होते. ती एका मण्यावरून घडभर पसरायला दोन दिवस लागतात. पुढचा शनिवार चार दिवसांवर. आत्ता आत जाऊन नासके मणी खुडले, थोडी पानं काढून वारा खेळू दिला, तर पिंप वाचणार होतं. पण राखणदाराने फक्त वाटेने चालायचं, हाही नियमच. त्याने ओळीत पाय टाकला तर गळ्यातला लाकडी खडखडा नगरघरात जमा, म्हणजे राखणदारी गेली. तो खडखडा गरागरा फिरवला की भोरड्यांचे थवेच्या थवे उठायचे, आणि ओटमारला वाटायचं आपण अजून कामाचे आहोत. तो अर्धा तास बांधाच्या कडेला उभा राहिला आणि परत फिरला. कुंपणानेच शेत खायचं, तर मग फ्रीडरने काय वाईट केलं होतं?

बुधवारी दुपारी जेवून तो वर गेला आणि थबकला. खालच्या दोन ओळी स्वच्छ. नासका मणी शोधूनही सापडेना. सकाळच्या उन्हाच्या बाजूची तेवढीच पानं काढलेली, आणि चांगल्या मण्याला धक्का नाही.

"चोर!" ओटमार आधी ओरडला. मग त्याने आवाज खाली आणला. नासकं तेवढं चोरणारा चोर त्याने जन्मात पाहिला नव्हता.

चोर येत होता तो उघडच बारा ते एकच्या दरम्यान. बाराची घंटा झाली की आमचं अख्खं गाव टेबलावर असतं. त्या वेळी आग लागली तरी लोक आधी सूप संपवतील. ओटमारही घरी जायचा. रोझीना त्या आठवड्यात आजारी बहिणीला जेवण पोचवायला जात होती, म्हणून तो एकटाच सूप प्यायचा. आता त्याने काय करावं? लवकर वर जाऊन पकडावं? राखणदार म्हणाला, जा. पिंपाचा मालक म्हणाला, अजून एक ताटली घे. त्याने तीन घेतल्या. गुरुवारी टेकडी चढताना तर त्याने इतक्या जोरात खोकायला आणि खडखडा फिरवायला सुरुवात केली की पायथ्याची कुत्री भुंकू लागली. वर पोचला तेव्हा चार ओळी स्वच्छ होत्या आणि आसपास चिटपाखरू नव्हतं.

शुक्रवारी सकाळी फ्रीडरने त्याला गाठलं.

"काय रे ओटमार, तुझ्या ओळींत कोणीतरी शिरतंय. खालून पानं दिसतात ना काढलेली."

"वाऱ्याने गळाली असतील."

"वारा बरा एका बाजूचीच पानं काढतो! शिकलेला दिसतोय." फ्रीडरचे डोळे चमकले. "माझ्यामागे मात्र पोटावर सरपटत आला होतास. आज बाराला आपण दोघं जाऊ. नाही आलास तर मी समजायचं ते समजतो, आणि नगरघरात सांगायचं ते सांगतो."

गेले. बाराची घंटा वाजता वाजता दोघं म्हातारे बांधाआड वाकून बसले, गुडघे कुरकुरत. ओटमारच्या मनात एकच चाललं होतं: आज येऊ नको बाबा, कोण असशील तो.

पायऱ्यांवरून आली रोझीना. केसांना रुमाल, कमरेला एप्रन, तोंडात केसातली पिन. तिने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ पाचव्या ओळीत शिरली आणि पिनेच्या टोकाने एकेक नासका मणी टिपून एप्रनमध्ये टाकू लागली.

"अगं बाई," फ्रीडर कुजबुजला. "आणि बहीण?"

"बहीण ठणठणीत आहे," रोझीना मागे न वळता म्हणाली. "दोघंही उठा. पायऱ्या चढतानाच बांधाआडून दोन टकलं दिसली."

फ्रीडर हसून हसून खाली बसला. "लिही ओटमार, लिही नाव! सासूनंतर बायको! तुझ्या घराण्याने फळा भरला."

ओटमार हसला नाही. "तू इथे काय करतेस?" त्याने विचारलं.

"दिसत नाही? तू झोपेत पिंप धुतोस, ओटमार. माझी गोधडी ओढून घासतोस. मी काय दगड आहे?" तिने एक मणी खुडला. "एकोणीस वर्षं गावाची द्राक्षं राखलीस. तुझी कोणी राखायची? लिही जा नाव. घालीन माळ, त्यात काय."

ओटमारने नाक शिंकरून घेतलं.

"फ्रीडर," तो म्हणाला, "मी बुधवारपासून बघतोय. कोणीतरी येतं हे मला माहीत होतं. मी मुद्दाम पकडलं नाही. हिच्या आधी माझं नाव येतं."

फ्रीडरचं हसू थांबलं. "म्हणजे खडखडा जाईल की रे तुझा."

"जाईल." ओटमारने तो गळ्यातून काढला, एकदा हाताने पुसला आणि मित्राच्या हातात दिला. "नगरघरात नेऊन दे. तोवर तूच राखणदार."

मग त्याने कोट काढून बांधावर ठेवला आणि वाट सोडून ओळीत पाय टाकला.

फ्रीडर हातातल्या खडखड्याकडे बघत राहिला. पाच वेळा माळ घातलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आज दोन गुन्हेगार भरदिवसा उभे होते.

"अहो राखणदार," रोझीना म्हणाली, "अजून दीड ओळ राहिलीय. तेवढं नाव लिहायला सावकाश जा."

फ्रीडरने आभाळाकडे पाहिलं. आभाळात एकही पाखरू नव्हतं. तरी तो वळला आणि जोरजोरात खडखडा फिरवत, एकेक पायरी मोजत खाली उतरू लागला.

"वरचे घड मी बघते," रोझीनाने केसातली दुसरी पिन काढून नवऱ्याला दिली. "तू वाकून खालचे बघ. आणि चांगला मणी खाऊ नकोस."

"एकच," ओटमार म्हणाला.