पाचवारी, नऊवारी, अर्धी बाही

मौलाभाई टेलर माझ्यावर कधीच रागावले नाहीत. मी मात्र त्यांच्यावर एकदा भर रस्त्यात, पालकांच्या गर्दीदेखत ओरडलो. नातीची दोन वर्षांची मेहनत त्यांच्या कात्रीपाशी येऊन अडली होती, परीक्षेचं फाटक बंद व्हायला थोडीच मिनिटं उरली होती, आणि हा माणूस मान वर न करता मला सांगत होता, "लाईन हाय, सर." मौलाभाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या ओरडण्याची लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आमची ओळख बंधुसभेतली. निजामाच्या काळात लातूरचे एक डॉक्टर, एक वकील आणि एक आडते यांनी मिळून ही सभा काढली. डॉक्टरांनी हैदराबादेत साहेबलोकांची तसली मंडळी पाहिली होती, त्यामुळे थाट सगळा तिकडचा. एकमेकांना 'बंधू' म्हणायचं, बैठकीला खांद्यावरून निळा पट्टा घ्यायचा आणि दारात परवलीचा शब्द सांगायचा. सभेनं पाणपोया घातल्या, दवाखान्याला खाटा दिल्या, गरिबांच्या मुलांना पुस्तकं दिली, हे खरंच. पण सगळ्यांचा जीव त्या शब्दात. तो दरवर्षी बदलायचा आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला बारीक दोऱ्यानं भरलेला असायचा. पट्टे शिवायचे मौलाभाई. म्हणजे सभेचं गुपित सभेच्या आधी गंजगोलाईच्या बाजारपेठेतल्या एका टेलरच्या दुकानात पोचायचं. हे कुणाच्या तरी ध्यानात आलं, बैठकीत बराच खल झाला आणि शेवटी ठरलं की गुपित राखायचं तर टेलरलाच बंधू करून घ्यावं.

"सर, तुम्ही मला घेतलं ते त्या शब्दापायीच का?" मौलाभाईंनी पहिल्याच बैठकीत मला विचारलं. मी शाळेत मुख्याध्यापक आणि सभेचा चिटणीस, दोन्हीकडं प्रश्न मी विचारायचे अशी सवय. मी उगाच हसलो आणि त्यांना खुर्ची दाखवली. ते शेवटच्या रांगेत बसले आणि समोरच्या वकिलांच्या कोटाची उसवलेली शिवण बघत राहिले.

भूकंप झाला तेव्हा त्यांना सभेत येऊन फार दिवस झाले नव्हते. सगळ्या देशातून मदत येत होती, आम्हीही एक टेम्पो भरून साड्या घेऊन औशाच्या पुढं एका गावी गेलो. गाव कसलं, दगडामातीचे ढीग आणि बाजूला पत्र्याच्या शेडची रांग. अध्यक्षांनी नवा पट्टा घातला होता, बरोबर फोटोग्राफर होता. आम्ही टेबल मांडलं, नावं पुकारली. पुरुष आले, पोरं आली, बायका काही येईनात. साड्या आत पाठवल्या तर तशाच घडीच्या घडी परत आल्या. अध्यक्षांचा चेहरा उतरला. "इतक्या लांबून आणलं आणि यांना रंग पसंत नाहीत!" असं ते बोलूनही गेले. मलाही तेच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मौलाभाई एका शेडच्या दाराशी पाठ करून बसले आणि आतल्या म्हातारीशी बोलू लागले. ढिगाखालून काढली तेव्हा अंगावर होतं तेच फाटकं लुगडं तिनं अजून गुंडाळलेलं होतं.

"मावशी, साडी का नगो?"

"पाचवारी हाय रं बाबा. कासोटा येत न्हाई. आन् आत परकर न्हाई तर खोचू कशात? सगळ्या बायका अशाच बसून राहिल्यात. मानसं गेली, घर गेलं, आता हे नेसून लाज बी घालवू?"

मौलाभाई उठून आले. "सर, आपून साड्या आनल्या. मापच न्हाई आनलं."

त्या भागातल्या बाया जन्मभर नऊवारी नेसणाऱ्या. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, आणि आमच्या प्रत्येकाची आई लुगडंच नेसत होती! दुसऱ्या दिवशी मौलाभाई दुकानातलं मशीन घेऊन तिथं गेले आणि पंधरा दिवस राहिले. दोन पाचवारी जोडून एक नऊवारी, उरलेल्या वारात चोळी. रंग जुळवत बसायला वेळ नव्हता. त्या हंगामात ते गाव अर्ध्या हिरव्या, अर्ध्या जांभळ्या लुगड्यांत हिंडत होतं. म्हातारी बाहेर आली तेव्हा कासोटा घट्ट खोचलेला होता. फोटो मात्र कुणी काढला नाही, कारण फोटोग्राफर पहिल्याच दिवशी परतला होता.

पुढं लातूर पालटलं. गल्लोगल्ली क्लास निघाले, घराघरात अहमदपूर, देगलूर, पार माहूरपर्यंतची मुलं राहायला आली. माझा मुलगा नांदेडला नोकरीत, त्यानंही लेकीला, म्हणजे आमच्या ऋतुजाला, दोन वर्षं आमच्याकडं ठेवलं. डॉक्टर व्हायचं एवढंच तिच्या डोक्यात. सभेनंही काळाबरोबर पाऊल टाकलं आणि गुणवंतांना शाल-श्रीफळ सुरू केलं.

एका बैठकीत मौलाभाई उभे राहिले. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला पूर्ण बाही चालत नाही, मोठी बटणं चालत नाहीत. गेल्या साली फाटकाशी पोरींच्या बाह्या ब्लेडनं टराटरा फाडताना त्यांनी पाहिल्या होत्या. "सभेनं तिथं एक टेलर बसवावा. मीच बसतो. फकस्त सभेचं नाव असू द्या, म्हंजे पोलीस उठवनार न्हाई."

विरोध मी केला. सभा सत्कार करते, फुटपाथवर बाह्या कापत नाही, असं मी म्हणालो आणि वाक्य चांगलं जमलं म्हणून स्वतःवरच खूश झालो.

"बरं, सर," मौलाभाई म्हणाले आणि खाली बसले. पुढच्या परीक्षेला फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली मशीन घेऊन ते एकटेच बसले.

त्याच परीक्षेला माझी ऋतुजा होती. नियम मी स्वतः घरात मोठ्यानं वाचून दाखवले होते. तिच्या ड्रेसची बाही पाऊण होती. आजी म्हणाली, बदल गं. मी म्हणालो, पाऊण म्हणजे काही पूर्ण नव्हे. पस्तीस वर्षं गणित शिकवल्याचा हा परिणाम! फाटकावरच्या बाईनं एका नजरेत माझं गणित चूक ठरवलं. ऋतुजा रडायला लागली, मी तिचा दंड धरून लिंबाखाली धावलो. पुढं दोन मुली उभ्या.

"मौलाभाई, ही माझी नात आहे!"

"हाव, वळखलं."

"मग?"

"लाईन हाय, सर."

"फाटक बंद होतंय! दिसत नाही का तुम्हाला? मी सभेचा चिटणीस आहे!" हे मी फुटपाथवर उभा राहून ओरडलो. लोक वळून बघू लागले.

पहिलीचं एवढ्यात उरकलं. दुसरी मुलगी देवणीहून एसटीनं एकटीच आली होती. तिच्या कुर्त्याची सगळी पितळी बटणं काढून साधी लावायची होती. तीच म्हणाली, "काका, त्यांचं आधी करा."

"गप उभी ऱ्हा, बेटा. हलू नगो, सुई लागंल."

तिचं झालं, ती पळाली. ऋतुजा पुढं झाली आणि या गृहस्थांनी गळ्यातली टेप काढली! "माप कसलं घेता, कापा ना!" मी किंचाळलो.

"घाई माझ्याकडं द्या, सर, तुम्ही निस्ते उभे ऱ्हावा. एक बाही वर, एक खाली झाली तर पोरगी तीन तास तेच बघत बसंल." दोनदा कात्री चालली, दोन्ही बाह्यांना धावदोरा पडला. "जा बेटा. झ्याक दिसते."

ती आत गेली आणि तिच्या मागं फाटक लागलं. मी तिथंच कट्ट्यावर बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. देवणीच्या मुलीचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. तिचा आजोबा तिथं नव्हता, ओरडायला कुणी नव्हतं, आणि मी तिची जागा मागत होतो. हे मला फाटक लागल्यावर कळलं.

लिंबाखाली आता कुणीच उरलं नव्हतं. मौलाभाई खाली पडलेले बाह्यांचे तुकडे गोळा करत होते. मी शेजारी जाऊन बसलो. माफी मागायची होती, पण तेच आधी बोलले.

"सर, पानी हाय का? सकाळधरनं उठलोच न्हाई."

इतक्या वर्षांत त्यांनी सभेच्या माणसाकडं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. ऋतुजासाठी घेतलेली बाटली माझ्या काखेत होती. मी झाकण फिरवू लागलो, पण ते उघडेना. मौलाभाईंनी बाटली माझ्या हातून घेतली, उघडली आणि आधी मला दिली.