चार काड्यांचं भुयार

सकाळचे सव्वासात. भगवंतराव दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचत होते. तारीख आजचीच होती, म्हणूनच त्यांना ती खरी वाटत नव्हती.

"वाचून झाली असेल तर तापवू का?" अलकाताई इडलीपात्र उतरवत म्हणाल्या.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस घाईत असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो, असं भगवंतरावांचं ठाम मत. दारात सिद्धी होती. वरच्या मजल्यावरची भाडेकरू, मूळची नागपूरची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला.

"काका, तुमचा खेळ सुटला! देवनहळ्ळीच्या कुणी प्रतिमाताई आहेत. दोन काड्या शिल्लक ठेवून बाहेर आल्या."

"अशक्य," भगवंतराव म्हणाले. पिशवी त्यांच्या हातातच राहिली.

एकतीस वर्षं त्यांनी सरकारी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. चिठ्ठीशिवाय खिळा बाहेर जात नसे आणि फाटका हातमोजा जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे. निवृत्तीनंतर बनशंकरीतल्या घरात हात शिवशिवत होते, तेव्हा सिद्धीनं त्यांना फोनवर एक खेळ दाखवला. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. 'तुम्ही भुयारात आहात, समोर दार आहे.' आपण 'दार उघड' असं लिहायचं की पुढचं वाक्य येतं. अर्ध्या तासात खेळ संपतो. म्हाताऱ्याला त्यातलं एकच भावलं. तिथंही वस्तू मोजून देता येत होती.

मग ते वहीत खेळ रचू लागले आणि सिद्धी तो संगणकात बसवू लागली. 'भुयारा'त त्यांनी एक दिवा आणि चार काड्या दिल्या होत्या. दिवा लावायला एक, आणि वाटेत तीनदा वाऱ्यानं विझतो म्हणून तीन.

"काका, स्वल्प दया करा हो," सिद्धीनं विनवलं होतं. "एखादी वाया गेली तर माणूस अडकून पडेल."

"पहिल्या काडीलाच सांगतोय ना, तीन उरल्या म्हणून? वस्तू थोडी असली की माणूस डोळे उघडे ठेवतो."

खेळ महाराष्ट्र मंडळातल्या घराघरांत गेला होता. पहिल्यांदा सोडवणाऱ्याचं नाव रविवारी जाहीर व्हायचं होतं.

"तुझ्याकडे देवनहळ्ळीहून कोण येतं गं?" भगवंतरावांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मागच्या शनिवारी लॅपटॉप उघडा टाकून तू खाली कॉफीला आली होतीस. वर कोण होतं?"

सिद्धीचा चेहरा उतरला. "काका, तुम्ही माझ्यावर शंका घेऊन राहिले का? दोन महिने रविवार-रविवार बसले मी तुमच्यासोबत."

"जवळच्यांनाच चावीची जागा माहीत असते."

हे वाक्य त्यांनी स्टोअरमध्ये कितीतरी जणांना ऐकवलं होतं. त्यातले निम्मे पुन्हा कधी त्यांच्याशी बोलले नव्हते.

"सरी, ठीक आहे," सिद्धीनं हातातले कागद टेबलावर ठेवले. "त्यांनी खेळताना जे जे लिहिलं, ते सगळं यात आहे. बघा तुम्हीच. आणि यापुढचे खेळ दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्या."

ती दाराकडे वळली. अलकाताईंनी इडलीची बशी तिच्या हातात देऊन तिला तिथंच थोपवलं, पदराला हात पुसले आणि कागद उचलले. नवऱ्याचा खेळ त्या पहिल्यांदाच वाचत होत्या. त्यांना तो कुणी दाखवलाच नव्हता.

"यात चोरी कुठाय?" पान उलटत त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा दिवा विझला, या बाईनं दुसरी काडी ओढली. पुढे कोनाड्यात पणती दिसली. 'दिव्यानं पणती लाव' म्हणाली, ती तिथंच जळती ठेवली. पुढे दोनदा दिवा विझला, दोन्ही वेळा चाचपडत मागे आली आणि पणतीवर लावून घेतला."

"पणती शोभेला ठेवली होती मी! दिव्यावर दिवा लावतं का कुणी? आमच्या आईनं हात मोडला असता."

"तो देवापुढचा. तुमच्या भुयारात देव कुठं होता? आणि करंट गेला की मी मेणबत्तीवर मेणबत्ती लावते, तेव्हा कुठं बघत असता?"

"पण खेळानं हे चालू दिलंच कसं?"

"तुमचाच नियम आहे, काका," सिद्धी दारातूनच म्हणाली. "शेवटच्या दाराशी दिव्यानं मशाल पेटावी म्हणून तुम्ही वहीत लिहिलं होतं, जळत्या वस्तूनं दुसरी वस्तू पेटते. पळवाट बंद करायची तर दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं करून देते आणि जाते."

भगवंतरावांनी वही काढली, चष्मा लावला. नियम होता. खाली त्यांची सही होती. तरी त्यांनी मागचंपुढचं पान तपासलं, मग वही मिटली.

"बंद नको करूस. बाई बरोबर खेळल्या. रविवारी त्यांचंच नाव सांगू." ते सिद्धीकडे वळले. "माझं चुकलं, सिद्धी. पुढचे खेळही तूच बसव. आणि एकच विनंती आहे. पुढचा खेळ मंडळात पाठवायच्या आधी अलकाला खेळायला दे."